मंगळवारची बाटली

२ जुलै २०२४, मंगळवार

बाटली घाण आहे. तळाशी चार थेंब कशाचे तरी पडलेले, दिसायले पाण्यासारखे पण वास नाकाले झोंबते. सरकारी कामाची बाटली, आणि कोणाले धड विसळून आणायचं सुचलं नाही. मी पाहुण्यापुढे असा गिलास ठेवला असता तर सासूने तोच माह्या डोक्यावर फोडला असता.

आता रामराम. मी मनकर्णा, खुशालरावची बायको. खुशालराव गेले त्याले अकरा वर्षं झाली. शाळा चौथी, तीही अर्धी, कारण बापाने मधातच निंदायले नेलं. ही वही मले शेखरने दिली. शेखर अकोल्याच्या लॅबचा माणूस, गावोगाव फिरून विहिरींचं पाणी बाटलीत भरून नेते. पन्नाशीचा आहे, गुडघे गेलेले, आणि आमची वावरातली विहीर म्हणजे सडकेपासून अर्धा कोस काळ्या मातीचा चिखल. मी बहात्तर वर्षांची, म्हशीसाठी रोज दोनदा जाते. याले महिन्यातून एकदा जाववत नाही.

म्हणे, "मावशी, बाटली तुमच्यापाशी ठेवतो. पैल्या मंगळवारी तुमीच भरत जा. हे वही घ्या. तारीख, टाइम अन् पाण्याची पातळी लिवा. बाटली मी वापस जाता जाता नेईन, वही वर्ष संपल्यावर."

"अन् तू काय करशीन?"

"मी चहा पेईन."

निदान खोटं बोलला नाही.

वहीत तीन रकाने आहेत. तीन आकडे लिहिले की बाकी पान कोरं. कोरं पान सोडणं म्हणजे पेरताना तास सोडणं, ते मले जमत नाही. म्हणून लिहून राहिली. वाचणार कोण आहे.

बाटली राखेने घासली, तीनदा विसळली, उन्हात पालथी घातली. विहीर पावसाने चहासारखी झालेली. पाणी कळशीत काढलं, तुरटी फिरवली, गाळ बसू दिला, मंग वरचं तेवढं फडक्यातून गाळून भरलं. खालचा गाळ वगारीच्या, म्हणजे म्हशीच्या पिलाच्या, टाक्यात ओतला, पाणी वाया काहून घालवू. बाटलीवर शेखरने लिहिलं आहे, 'विहीर क्र. ६, मनकर्णाबाई'. माह्या नावाने गढूळ पाणी अकोल्याले जाणार नाही.

पातळी, काठापासून खाली, चौदा हात. टाइम सकाळचे नऊ.

५ जुलै

खदानीसाठी वहीत रकाना नाही, म्हणून इथं लिहिते.

आमच्या वावराच्या वरच्या अंगाला जुनी गिट्टी खदान आहे. गिट्टी संपली, खड्डा उरला. मंग नांदगावच्या रस्त्यावर एक कारखाना आला, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा. त्याची राख आणि खडे सहा वर्षं भर दिवसा त्या खड्ड्यात पडले. सरपंच तेव्हाही उत्तमराव, आजही उत्तमराव. तेव्हा म्हणे, "वहिनी, खड्डा फुकटात बुजून राहिला, बोंबलता कायले?" खड्डा बुजला. कारखाना पळाला. मंग आमच्या विहिरीत शिसं सापडलं, तेव्हा उत्तमरावाने सगळ्यात आधी बोंब मारली.

यंदा उन्हाळ्यात सफाई झाली. पांढरे कपडे घालून, तोंडाले पिशव्या बांधून माणसं उतरली, जशी चंद्रावर चालली. पोकलेन आलं, टिप्पर आले. दिसलं तेवढं नेलं. जे दिसलं नाही त्याच्यावर काळं प्लास्टिक, प्लास्टिकवर मुरूम, मुरूमावर माती, मातीवर गवत. मेलेल्याले नवं धोतर नेसवावं तसं.

आता दहा महिने बाटल्या तपासणार. दहाही चांगल्या निघाल्या तर काम झालं म्हणून सही होते, ठेकेदार मोकळा, आमचा पिण्याच्या पाण्याचा टँकर बंद, खदान ग्रामपंचायतीच्या ताब्यात. उत्तमरावाले तिथं मंगल कार्यालय बांधायचं आहे. एकही वाईट निघाली तर पुन्हा खोदणं आलं. विहिरी सहा आहेत, त्यातल्या पाच खदानीच्या वरच्या अंगाला. खाली उतारावर आमची एकटीच. पाच विहिरी नुसत्या वऱ्हाडी आहेत, लगीन लागणार ते सहावीत.

६ ऑगस्ट, मंगळवार

मागच्या बाटलीचा कागद आला. शिसं मर्यादेच्या आत. मंग उन्हाळ्यात होतं ते शिसं माहेरी गेलं का? पंधरा दिवस पोकलेन फिरवलं आणि सहा वर्षांची घाण निघाली म्हणतात. माह्या घरचा माठ इतक्या लवकर घासून निघत नाही.

बाटली पुन्हा तशीच आली, तळाशी थेंब घेऊन. पुन्हा घासली, तुरटी फिरवली, गाळलं, भरलं. संध्या, म्हणजे माही सून, बाजूले भांडे घासत होती. म्हणे, "आई, जसं हाये तसंच द्यायचं असते ना ते?"

मी म्हटलं, "तुह्या माहेरी जसं असते तसं देत असतीन."

ती पुन्हा भांड्यांकडे वळली. गढूळपणा पावसाचा आहे, शिसं कारखान्याचं. शिसं म्हणजे लोखंडाचा भाऊ, ते काय तुरटीने बसते? इतकं तर मलेही समजते.

पातळी अकरा हात.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला. बैलं धुतले, शिंगं रंगवले. उत्तमरावाच्या बैलाच्या झुलीवर यंदा त्याचाच फोटो. बैलाले लाज वाटत असेल.

बाटली भरली. कागद आला, मर्यादेच्या आत. पातळी सात हात.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मर्यादेच्या आत. पातळी सहा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीजेले प्राजक्ता आली होती, माही नात. वरूडले दिली आहे, संत्र्याच्या पॅकिंगवाल्या घरात. तिसरा महिना लागला आहे. संध्या ऐकून रडली, हसली, पुन्हा रडली. मी म्हटलं, एक काय ते ठरव.

पहिलं बाळंतपण माहेरी. मार्चअखेर आणायचं ठरलं, मे महिन्यात होईल. बंडू, माहा मुलगा, संत्र्याचा ट्रक चालवते, तो म्हणे मीच आणतो. पण तिची सासू फोनवर म्हणते, "तुमच्या गावच्या पाण्याचं काहीतरी आयकलं बापा. कागद पायल्याबिगर पोरगी कशी पाठवू?" आम्ही कोणाच्या उकिरड्यावर राहतो असा सूर.

संध्याने चारही कागद मोबाईलवर पाठवले. मर्यादेच्या आत, मर्यादेच्या आत, चारदा. सासू खूश. मीही त्या कागदांवर पहिल्यांदा हात जोडले, जरी माहा त्याच्यावर विश्वास कवडीचा नाही. गरजेपुरता देव सगळेच मानतात.

बाटली यावेळी दोनदा गाळली. आता पोरीच्या सासरचे कागद पाहून राहिले, पाणी चमकलं पाहिजे.

३ डिसेंबर, मंगळवार

पाणी निवळ झालं आहे, तरी तुरटी फिरवली. सवय म्हणजे सवय. वगारीचा गोठा लिंपला. वगार गेल्या होळीले झालेली, खुशालरावच्या आवडत्या म्हशीची नात. म्हशीसारखीच आडमुठी. टाक्यात तोंड घालून फूं करून उडवते.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

आज ग्रामसभा. अकोल्याहून लॅबची मॅडम आली होती. भावना नाव. तीस-पस्तीसची, बारीक, हातात फाईल. सहा महिन्यांचे आकडे वाचून दाखवले. सगळे चांगले. उत्तमरावाने टाळ्या वाजवल्या, त्यामागे बाकीच्यांनी. ठेकेदाराचा साहेब, काळ्या चष्म्याचा, असा बसला होता जसं शिसं त्याने स्वतः दातांनी उपटलं.

मी उठली.

"पोरी, तुह्या मशीनले मोतीबिंदू झाला का?"

लोक हसले. ती नाही हसली. "काहून आजी?"

"उन्हाळ्यात शिसं दिसलं, आता दिसत नाही. का अकोल्याले संत्र्याच्या पेट्या पोचल्या?"

उत्तमराव म्हणे, "वहिनी, बसा. शिकलेल्या माणसाशी बोलून राहिल्या तुमी."

"तिच्याशीच बोलून राहिली. तुह्याशी बोलायचं असतं तर खाली पाहून बोलली असती."

मॅडम लाल झाली. पण आवाज चढवला नाही. म्हणे, "आजी, बाटलीत जे येतं तेच मशीन सांगतं. मी त्यात घालत नाही अन् काढत नाही."

मोठं उत्तर. आरसाही तेच म्हणते, मी चांगला, तोंडच वाईट. मी बसली, पण सगळ्या सभेले समजलं की मनकर्णा बोलली आणि लॅबवाल्यांची फाईल थरथरली. घरी येताना संध्या म्हणे, "आई, त्या बाईचा चेहरा पायला का?" पाहिला. पैसे खाल्लेल्या माणसाचा चेहरा असाच पडते.

आजची बाटली सभेच्या आधीच भरली होती. नेहमीसारखी.

२८ जानेवारी

वगारीचं काहीतरी बिघडलं. दात खाते. दिवसभर करकर, करकर, जसं कोणी जात्यात खडे टाकले. गोठ्याच्या भिंतीले डोकं लावून उभी राहते आणि ढकलते. मी म्हटलं, बाई, भिंत पाडून कुठं जाणार आहेस.

३१ जानेवारी

वगारीले दिसत नाही. हात डोळ्यापुढे नेला तरी पापणी हालत नाही. टाक्याचा अंदाज घेत घेत गेली आणि खुंट्यावर आदळली. डॉक्टर आला, सुई टोचली. म्हणे डोळ्याचा रोग आहे. मी म्हटलं, आणि दाताचा? म्हणे तोही असू शकते. आणि डोक्याचा? तोही. चांगला डॉक्टर, कोणत्याच रोगाले नाही म्हणत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वगार पहाटे मेली. पाय झाडत होती. पुरली.

बाटली भरली तरी. शेखर घ्यायले आला, वगारीचा खुंटा रिकामा पाहून म्हणे, "मावशी, काय झालं?"

"तुह्या मॅडमले सांग, वगार मेली. मर्यादेच्या आत मेली."

त्याने चहा घेतला नाही. पहिल्यांदा.

पातळी सतरा हात.

४ मार्च, मंगळवार

लिहायचं नव्हतं. पण कोरं पान सोडलं नाही, तर हेही सोडणार नाही.

आज शेखरच्या जागी ती मॅडम आली, भावना. शेखर मागून लंगडत. सडकेपासून चालत आली, वावरातून, भर उन्हात. मी बाजेवर बसून राहिली, उठली नाही. म्हटलं, मोतीबिंदू काढला का मशीनचा.

ती म्हणे, "वगार कोणतं पाणी प्यायची आजी?"

"विहिरीचं. मंग काय टँकरचं पाजू?"

"उपसून, तसंच?"

"तसंच. ढोराच्या पाण्याले कोण तुरटी फिरवते?"

ती टाक्याकडे पाहत होती. वळली. "मग तुरटी कशाला फिरवता?"

"बाटलीच्या पाण्याले."

 शेखर आपल्या चपला पाहून राहिला. ती माह्या बाजेच्या कडेवर बसली, न विचारता. म्हणे, "आजी, सगळं सांगा. बाटली हातात आली की पहिलं काय करता?"

मी सांगितलं. मले लपवायचं काय होतं? उलट मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की तुमच्या बाटल्या घाण येतात, तळाशी वास मारणारे थेंब असतात, मी राखेने घासून देते म्हणून तुमची अब्रू राहते.

ती म्हणे, "ती घाण नाही. ते आम्हीच टाकतो. तेजाबाचे थेंब. शिसं बाटलीच्या अंगाला चिकटून बसू नये म्हणून."

"अन् तुरटी?"

"गाळ खाली बसतो ना आजी, त्याच्यासोबत शिसंही बसतं. पुष्कळसं. आणि उरलेलं तुमच्या फडक्यात."

तिने ओरडायले पाहिजे होतं. भरसभेत मी तिले पैसे खाणारी म्हटलं होतं. ओरडली असती तर मी चार शब्द परत दिले असते आणि मोकळी झाली असती. ती ओरडली नाही. शेखरकडे फक्त एकदा पाहिलं, तर तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा, जसं गुडघेच उत्तर देतील.

मी म्हटलं, "कळशीच्या तळाशी जे राहायचं, ते मी वगारीच्या टाक्यात ओतत होती."

"महिन्यातून एकदाच्या त्यानं नाही मेली ती. ती रोजच्या पाण्यानं गेली."

"समजूत घालू नको. मी काही प्राजक्तासारखी पोर नाही."

मंग तिने नवी बाटली काढली, थेंब दाखवले, विहिरीत स्वतः बादली सोडली, जसं आलं तसं भरलं. थोडं पाणी पिवळट होतं, त्यात गवताची एक काडी. मले ती काडी काढावी वाटली. हात पुढे झाला होता. मागे घेतला.

आठ बाटल्या मी धुतल्या. संध्याने दुसऱ्याच बाटलीले सांगितलं होतं.

५ मार्च

सकाळी संध्याले म्हटलं, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. ती म्हणे, काय म्हणत होती मी? विसरली होती. मी सात महिने तिचा पाणउतारा लक्षात ठेवून बसली आणि तिले आठवतही नाही. असे लोक सुखी असतात.

१२ मार्च

शेखरच्या मोबाईलवर आकडा आला. शिसं मर्यादेच्या सातपट. म्हणजे काळ्या प्लास्टिकखाली अजून आहे, आणि उताराने येऊन राहिलं.

संध्या चुलीपुढे बसली होती. म्हणे, "आई, प्राजक्ता महिनाअखेर येऊन राहिली."

"माहीत आहे."

"टँकर हाये ना पण?"

"टँकर आहे. बाळंतिणीची धुणी, पोराची आंघोळ, पेज, हे सगळं टँकरने होते का? आणि सही झाली की टँकर कुठं असेल?"

 तिने दिवाळीपासून बाळंतविडा जमवला आहे, डिंक, खारीक, मऊ लुगड्यांची दुपटी. लोखंडी पेटीत. पेटी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

१६ मार्च

वरूडले मीच फोन केला. संध्याले बोलता आलं नसतं आणि बंडू ट्रकवर होता. प्राजक्ताच्या सासूले म्हटलं, पोरगी पाठवू नका, पाणी वाईट आहे.

"पण तुमी तर कागद पाठवले होते ना?"

"कागद खोटे होते."

"कोणी केले खोटे?"

"मी."

 मंग म्हणे, "असं काहून करावं माणसानं?" तिने विचारलं तेवढं मी ऐकून घेतलं. खुशालराव गेल्यावर पहिल्यांदा कोणी माह्याशी असं बोललं आणि मी उलटं बोलली नाही. पुढे म्हणे, प्राजक्ताचं बाळंतपण आम्ही इथंच करू, माय पाहिजे असेल तर तिच्या मायनं इथं यावं. बरोबर बोलली. म्हणून जास्त लागलं.

प्राजक्ता फोनवर आली. "आजी, मले तुह्याच हातची पेज पाहिजे होती."

मी म्हटलं, "तुही सासू चांगली करते. खा."

२५ मार्च

आता खरी गंमत. ठेकेदाराच्या साहेबाने लिहून दिलं, की आठ बाटल्या चांगल्या आणि एकच वाईट, म्हणजे वाईटच खोटी. मॅडमने नमुना नीट घेतला नाही, बादली घाण असेल. सही करून काम बंद करा. उत्तमराव त्याच्या बाजूने, मंगल कार्यालयाच्या नकाशासकट. ८ एप्रिलले ग्रामसभा, तिथंच निकाल.

भावनाने बिनतुरटीचं, खरं पाणी नेलं, आणि खोटी तीच ठरून राहिली. आणि माह्या आठ चमकत्या बाटल्या तिच्याविरुद्ध साक्ष देऊन राहिल्या. मी जन्मभर लोकांची उणीदुणी काढली, पण असं सफाईदार खोटं माह्याच्याने जाणूनबुजून कधी झालं नसतं.

तिचा फोन आला. म्हणे, "आजी, तुम्ही काय काय केलं ते सभेत सांगाल का? तोंडी चालेल का माहीत नाही. लेखी असतं तर बरं."

मी म्हटलं पाहते. फोन ठेवला. मंग कोनाड्यातल्या या वहीकडे पाहिलं.

२ एप्रिल

शेखर आला. बाटली नाही, हातात कोरी वही.

"मावशी, ती जुनी वही लॅबची हाये. वर्ष संपलं, जमा करा लागते."

"कर."

"तुमी त्याच्यात फक्त आकडे लिवले ना?"

मी वही उघडून दिली. तो उभ्या उभ्या वाचू लागला. पहिल्याच पानावर स्वतःचे गुडघे वाचले, मंग चहा वाचला. मंग बसला. पानं उलटत गेला आणि घाम पुसत गेला.

म्हणे, "मावशी, हे फाडा. म्या नवी वही आणली, आकडे उतरवून घ्या. हे सभेत गेलं तर मले काढून टाकतीन. बाटली ठेवून जायचा नियम नाई. घरी तिघं खाणारे हायेत."

"अन् वाचलं नाही गेलं तर भावनाले काढतील."

"तुमाले कायचं घेणंदेणं? तुमी तर तिले शिव्या दिल्या होत्या."

खरं आहे. जानेवारीच्या पानावर लिहिलंही आहे.

मी म्हटलं, "शेखर, या वहीत तूच एकटा नाही. उत्तमराव आहे, त्याच्या बैलाची झूल आहे, वरूडची इहीण आहे, माही सून आहे. सगळ्यात वाईट कोणी दिसत असेल तर ती मी. फाडायचं असतं तर तुह्या आधी मीच फाडलं असतं."

तो कोरी वही तशीच ठेवून गेला. चांगली वही आहे, दोनशे पानी. संध्याले दिली, बाळंतपणाला वरूडले जाते तर काय काय न्यायचं ते लिहायले.

८ एप्रिल, मंगळवार, सकाळ

आज सभा. बाटली नाही, पहिला मंगळवार मागेच गेला.

पानं मोजली नाहीत, एकही काढलं नाही. मधात मले दोनदा वाटलं की उत्तमरावाच्या झुलीचं तेवढं पान काढावं, म्हातारपणी गावात राहायचं आहे. मंग म्हटलं, एक पान फाटलेलं दिसलं तर ठेकेदाराचा साहेब म्हणेल बाकीचीही आत्ताच लिहिली. जाऊ दे. झूल होतीच तशी.

संध्या वाचून दाखवेल. माहा आवाज मोठा आहे, पण चष्मा जुना झाला आणि मधातच मी कोणाशी तरी भांडायले लागेन. संध्या, तुह्याबद्दल लिहिलं आहे तेही वाचायचं, गाळायचं नाही. या घरात गाळणं आता बंद.

वाचून झालं की विचारतील. तेव्हा ऐका. बाटल्या काहून धुतल्या आणि तुरटी काहून फिरवली, याचं उत्तर मी देईन, उभी राहून, आणि लोक हसले तर हसू दे. त्या दिवशी भावनाले हसले होते, आज माही पाळी. बाटली माह्यापाशी काहून ठेवून गेला, याचं उत्तर शेखर देईल, गुडघे दुखत असतील तर बसून देऊ दे. भावनाने एका शब्दाचं उत्तर द्यायचं नाही, तिने काही केलेलं नाही. आणि सहा विहिरींत एकच विहीर उताराला काहून धरली, आणि प्लास्टिकखाली जे उरलं ते कोणी मोजून पाहिलं, याचं उत्तर काळ्या चष्म्याच्या साहेबाने द्यायचं. चष्मा काढून. आणि ते देताना मधात उत्तमरावाने तोंड घालायचं नाही.